मिनिटाला किती शब्द?

मुलांच्या वाचनाचा वेग मोजायला माझा वर्षानुवर्षं विरोध होता. मूल पुस्तक उघडून बसलं आहे आणि समोर मोठं माणूस घड्याळ धरून बसलं आहे, हे चित्र मला सहन होत नसे. शिक्षकांच्या बैठकीत, पालकसभेत, जिथे बोलायला मिळालं तिथे मी हे बोलले आहे. काहींनी ते मनावर घेतलं, आपल्या वर्गातलं मोजणं बंदही केलं. आता माझं मत तसं राहिलेलं नाही. जे जाहीरपणे सांगितलं ते बदललं तर तेही जाहीरपणे सांगायला हवं, म्हणून हे मनोगत.

विरोधाला कारणं होती, आणि त्यातलं निम्मं मी आजही सोडलेलं नाही. अमेरिकेत एव्हलिन वूड या बाईंनी १९५९ मध्ये जलद वाचनाचे वर्ग सुरू केले आणि मिनिटाला हजारो शब्द वाचता येतात अशी समजूत जगभर पसरली. पुढे संगणक आले, मग मोबाइल आले, आणि पडद्यावर एकेक शब्द झपाझप दाखवणारी अ‍ॅप्स आली. डोळा हलवायलाच नको, म्हणून वेळ वाचतो, असा त्यांचा दावा. किथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचं सगळं संशोधन तपासून २०१६ मध्ये एक दीर्घ लेख प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष साधा आहे: वेग खूप वाढवला की समज घटते, दोन्ही एकदम मिळत नाहीत. वाचताना डोळा मधूनच मागे जातो, तो कळण्यासाठी जातो. पडद्यावरून शब्द निघून गेला की ती सोय संपते. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं, कर्ता कुठेतरी सुरुवातीला राहिलेला असतो. मागे न वळता मराठी कसं वाचायचं? अबॅकस आणि वैदिक गणिताच्या शेजारी ‘स्पीड रीडिंग’ची पाटी लागलेली दिसली, की आजही मी पालकांना सांगते, यावर पैसे घालू नका.

बदललं ते वाचायला नुकत्याच लागलेल्या मुलांबद्दलचं मत. ते मोरव्यात बदललं.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा, राई, मोरवा अशी गावं लागतात. जुनी वस्ती आगऱ्यांची; मिठागरं आणि भातशेती हा पूर्वीचा धंदा. आता पालिकेची हद्द आहे, चाळी आहेत, बाहेरून आलेली भाडेकरू कुटुंबं आहेत. या भागात मेट्रोच्या कारशेडचा प्रस्ताव आला तेव्हा गावकऱ्यांनी तो लढून परतवला आणि तो डोंगरीकडे वळवला गेला. त्या काळात सरकारी कागद घरोघर फिरत होते. चौथीपर्यंत शिकलेले एक आजोबा असा कागद हातात घेऊन बसलेले मी पाहिले. अक्षर न् अक्षर येत होतं त्यांना. पण दुसऱ्या ओळीला पोचेपर्यंत पहिली निसटे, पुन्हा वर जावं लागे. शेवटी कागद नातवाकडे सरकवला, “तू वाच रं.” आपल्याच जमिनीचा कागद. साक्षर असून त्याचा त्यांना उपयोग का झाला नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला, आणि तोच प्रश्न आमच्या संध्याकाळच्या वाचनवर्गात रोज समोर बसलेला होता.

वर्गात पाचवीतला एक मुलगा होता. बाराखडी पाठ, जोडाक्षरं ओळखीची. ‘समुद्रकिनाऱ्यावरच्या’ हा शब्द आला की तो स, मु, द्र असं करत शेवटपर्यंत जाई, एकही अक्षर चुकत नसे. वाक्य संपलं की विचारावं, कोण कुठे गेलं? तो माझ्याकडे बघत राही. माझी जुनी श्रद्धा अशी, की गोष्टी चांगल्या द्या, गोडी लागू द्या, वेग आपोआप येईल. मी गोष्टी दिल्या. तो चित्रं बघून पानं उलटत असे. त्याला गोडी लागण्याआधीच दम लागत होता.

या अवस्थेचं स्पष्टीकरण १९७४ मध्येच डेव्हिड लाबर्ज आणि जे सॅम्युअल्स या दोघांनी मांडून ठेवलं आहे. माणसाचं लक्ष मर्यादित असतं. सगळं लक्ष अक्षर लावण्यात खर्च झालं तर अर्थासाठी काही उरत नाही. अक्षर ओळखणं सवयीने, विचार न करता होऊ लागलं म्हणजेच मन मोकळं होतं. सॅम्युअल्स यांनी १९७९ मध्ये त्यावरचा उपायही सांगितला: छोटा उतारा घ्या, तोच पुन्हा पुन्हा वाचा, सुरळीत झाला की पुढचा. आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणायची रीत होती, ती जुनाट म्हणून मीच टाकून दिली होती; पाठांतराचं नाव काढलं की माझ्या कपाळाला आठी पडे. पण लिहिलेल्या ओळींवर बोट ठेवून केलेली आवृत्ती आणि अर्थाशिवायची घोकंपट्टी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

केंद्र सरकारचा ‘निपुण भारत’ कार्यक्रम ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाला. त्यात दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द समजून वाचावेत, असं लक्ष्य आहे. ते वाचून मी चिडले होते. आज मला त्यातला ‘समजून’ हा शब्द आधी दिसतो आणि आकड्यामागचं कारणही कळतं. तरी एक तक्रार शिल्लक आहे. हिंदीत ‘घर के सामने’ हे तीन शब्द, मराठीत ‘घरासमोर’ हा एक. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे मिनिटाला तेवढेच शब्द वाचणाऱ्या मराठी मुलाने प्रत्यक्षात जास्त अक्षरं वाचलेली असतात. २०२२ च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात एनसीईआरटीने २० भाषांसाठी वेगवेगळे निकष ठरवले, ते या दृष्टीने फार योग्य झालं. मुख्याध्यापकांनी एकच आकडा सगळ्या माध्यमांच्या भिंतींवर लावू नये.

आता सॉफ्टवेअर. गूगलने मार्च २०१९ मध्ये ‘बोलो’ हे अ‍ॅप भारतात आणलं, पुढे त्याचं नाव ‘रीड अलाँग’ झालं. त्यात मराठीही आली. मूल मोठ्याने वाचतं, फोन ऐकतो, अडलं की शब्द उच्चारून दाखवतो. ही कल्पना नवी नाही, कार्नेगी मेलन विद्यापीठात जॅक मोस्टो यांनी १९९०च्या दशकातच ऐकणारा संगणक बनवायला घेतला होता. ‘बोलो’ची चाचणी उत्तर प्रदेशातल्या २०० गावांत झाली आणि तीन महिन्यांत ६४ टक्के मुलांचं वाचन सुधारल्याचं कंपनीने सांगितलं. आकडा चांगला आहे. पण तीन महिन्यांत मुलं एरवीही थोडी पुढे जातातच. अ‍ॅप नसतं तर किती गेली असती, हे या एका आकड्यावरून कळत नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने नेमकी तीच तुलना केली होती. वाचन आणि गणिताची १६ सॉफ्टवेअर, १३२ शाळा, आणि २००७ मध्ये आलेला निष्कर्ष असा की वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या वर्गांच्या गुणांत सरासरीने दखल घ्यावी असा फरक नाही. उलट दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरचा अभ्यास झाला, त्यात साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत मोठी सुधारणा दिसली. तिथे सॉफ्टवेअर मुलाची इयत्ता न बघता त्याची खरी पातळी बघत होतं, आणि ४५ मिनिटं पडद्यासमोर बसल्यावर पुढची ४५ मिनिटं लहान गटाला शिकवायला माणूस हजर होता.

हे सगळं वाचल्यावर आम्ही आमच्या वर्गात ऐकणारी अ‍ॅप्स वापरून पाहिली. कुठली, ते सांगत नाही. छोट्या वर्गातल्या अनुभवावरून कुणाच्या वस्तूला बरं-वाईट ठरवणं योग्य नाही. परीक्षा मात्र आम्ही आमच्या पद्धतीने घेतली. अ‍ॅपच्या आतला आकडा वहीत लिहायचा, आणि तो बाजूला ठेवून दर पंधरवड्याला मुलाने कधीच न पाहिलेला, कागदावर छापलेला उतारा वाचून घ्यायचा. मग कागद उलटा ठेवून, काय झालं ते घरच्या बोलीत सांगायला लावायचं.

अ‍ॅपमधला आकडा भराभर वाढला. कागदावरचा हळू वाढला. कारण शोधायला फार वेळ लागला नाही: सोप्या गोष्टी मुलांना तोंडपाठ झाल्या होत्या, चांदण्या मिळत होत्या, आणि नजर पडद्यावरून भलतीकडे फिरत होती. दुसरी अडचण अधिक बोचणारी. घरी ‘शाला’, ‘पानी’, ‘घोरा’ म्हणणारं मूल ‘शाळा’, ‘पाणी’, ‘घोडा’ हे शब्द बिनचूक ओळखतं आणि आपल्या घरच्या उच्चाराने वाचतं. यंत्र कधी ते मान्य करी, कधी चूक धरी. वाचन बरोबर असताना एका मुलीला तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणावा लागला. तिने फोन खाली ठेवला आणि दोन दिवस आली नाही. मुलांच्या वाचनाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी आगरी, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी घरांतले आवाज ऐकल्याशिवाय ते मराठी शाळांना देऊ नये, हे मी अगदी आग्रहाने म्हणते.

आणि तरीही मी अ‍ॅपच्या बाजूला झुकले, ते त्या पाचवीतल्या मुलामुळे. माणसासमोर वाचताना त्याचा आवाज घशात अडके. वर्गमित्र हसतील, बाई सुस्कारा सोडतील, ही भीती. फोनसमोर तो वाचू लागला. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, आधी कुजबुजत, मग आम्हाला ऐकू येईल इतक्या मोठ्याने. एकच ओळ कितीही वेळा वाचली तरी ऐकणारा कंटाळत नव्हता. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात एकेकाचं रोज मोठ्याने वाचन ऐकणं कुठल्या शिक्षिकेला शक्य आहे? मला शक्य झालेलं नाही. हळूहळू कागदावरच्या उताऱ्यातही त्याची अडखळ कमी झाली, आणि एक दिवस त्याने गोष्टीतला माणूस का पळाला ते मला सांगितलं. मी विचारलंही नव्हतं. त्याच्या वहीतले वेगाचे आकडे मी मागे जाऊन पाहिले. समज वाढण्याच्या थोडं आधी वेग वाढला होता. एका मुलावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण ज्या गोष्टीला माझा विरोध होता ती या मुलाला नाकारण्याचा अधिकार मला नाही, एवढं मला कळलं.

नुसता वेग मोजून मात्र जुनाच रोग नव्या पोशाखात येईल. आमच्याच शेजारच्या पालघर जिल्ह्यात, वाडा तालुक्यात, शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलं मराठी वाचायला कशी शिकतात याचा २०११ पासून अनेक वर्षं अभ्यास केला. कन्नडसाठी तोच अभ्यास यादगीरला झाला. पहिल्या इयत्तांतला बहुतेक वेळ अक्षरं आणि बाराखडीत जातो आणि अर्थाला वर्गात जागाच मिळत नाही, हे त्यातून पुढे आलं. फक्त बरोबर शब्द मोजणारं यंत्र याच सवयीला बक्षीस देईल.

म्हणून आता कुणी असं सॉफ्टवेअर दाखवायला आलं की मी त्यांना वेगाचा आलेख मिटवायला सांगते आणि विचारते: न पाहिलेल्या छापील उताऱ्यावर काय झालं? मुलाने गोष्ट सांगितली का? अ‍ॅप न वापरणाऱ्या मुलांशी तुलना केली का? नेट नसताना चालतं का? मुलांचे आवाज कुठे साठवता, ते पालकांना सांगितलं आहे का? आणि घरात एकच फोन असेल, तोही वडिलांबरोबर रात्री येत असेल, तर काय करायचं? शेवटच्या प्रश्नाला आम्हालाच उत्तर शोधावं लागलं. दोन जुने फोन वर्गातच ठेवले आहेत आणि मुलं पाळीने वापरतात.

पालकांनी “मिनिटाला किती झाले?” असं विचारलं की पूर्वी मी विषय बदलत असे. आता आकडा सांगते, आणि मुलाला त्यांच्यासमोर गोष्ट सांगायला लावते. मूल मिनिटाला साठ शब्दांच्या आसपास स्थिर झालं आणि नवा उतारा समजून वाचू लागलं की त्याचं मोजणं आम्ही बंद करतो. त्यानंतर त्याने किती वेगाने वाचावं हे त्याच्यावर सोडायचं, असं आमच्या वर्गात ठरलं आहे. एका आईला ते पटलेलं नाही, तिला ऐंशी हवेत, आणि तिच्याशी माझं बोलणं अजून चालू आहे.