उजेड शेजाऱ्याच्या डोळ्यात नको

परतूरकर,

शेगाव-पंढरपूर दिंडी मार्ग आपल्या गावावरून जातो. त्यामुळं ज्येष्ठ लागला की मंठ्याकडून येणाऱ्या लहान-मोठ्या दिंड्या आपल्याकडं टेकतात आणि पुढं आष्टी, माजलगावकडं निघतात. पिठलं-भाकरी, पाण्याचा टँकर, पाय दाबायला पोरं, गोळ्या-औषधं, हे सगळं आपल्याला आता पाठ झालंय. एका गोष्टीचं नियोजन मात्र आपण कधीच करत नाही. ती म्हणजे रात्रीचा उजेड. पोस्ट जरा लांब आहे, पण चुका सगळ्या माझ्याच आहेत, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या ग्रुपनं पहिल्यांदा एका दिंडीच्या मुक्कामाची जबाबदारी घेतली. दोनेकशे वारकरी, त्यात बाया जास्त. मुक्काम एका शाळेच्या मैदानावर. काही कमी पडू नये म्हणून मी डेकोरेशनवाल्याकडून २०० वॉटचे चार एलईडी फोकस आणले आणि मैदानाच्या चार कोपऱ्यांत बांबूवर चढवले. मैदान दिवसासारखं लख्ख! फोटो काढला, स्टेटसला टाकला, 'छान व्यवस्था' म्हणून कौतुकही झालं.

रात्री दीडच्या सुमाराला मी टँकरपाशी खुर्ची टाकून बसलो होतो. एक आजी राहुटीच्या बाहेर डोक्यावर पदर ओढून बसलेल्या दिसल्या. तब्येत बिघडली की काय म्हणून जवळ गेलो. बुलडाण्याकडच्या होत्या. म्हणाल्या, "बापू, हा लाइट काहून ठेवला रे रातभर? डोये मिटले तरी उजेडच दिसते. दिवसभर उन्हानं डोये जयते, अन् रातच्यानं तुमच्या लाइटनं."

मी इकडंतिकडं पाहिलं. अर्ध्या बाया तोंडावर लुगड्याचा पदर नाही तर टॉवेल घेऊन पडलेल्या. जूनचा उकाडा, वारा नाही, आणि तोंड झाकलेलं. हीच माणसं पहाटे साडेतीनला उठणार, आंघोळ-आरती करून परत वीसेक किलोमीटर चालणार. चार-पाच तासांची झोप हीच त्यांची खरी गरज, आणि नेमकी तीच आम्ही खाल्ली होती. वर त्याला सेवा म्हणत होतो.

सकाळी दुसरा धक्का बसला. मैदानाला लागून एका काकांचं घर आहे. आठ दिवसांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आमचा एक फोकस सरळ त्यांच्या खिडकीत. रात्री त्यांच्या सुनेनं खिडकीला सतरंजी बांधली होती. मी म्हणालो, "काका, एक फोन करायचा ना." ते म्हणाले, "देवाचं काम, त्यात कसं बोलावं?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आवाजाचा त्रास झाला तर माणूस निदान कुरकुरतो. उजेडाबद्दल कुणी बोलत नाही. उजेड म्हणजे चांगलंच, विकास, सुरक्षितता, त्याला नाव कसं ठेवायचं? आणि कार्यक्रम देवाधर्माचा असला तर मग तोंडच बंद.

दुसऱ्या वर्षी मी दुसरं टोक गाठलं. दहा वाजले की सगळे दिवे बंद. मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आता निवांत झोपा. रात्री कधीतरी एक मावशी शौचालयाकडं निघाल्या आणि राहुटीच्या दोरीत पाय अडकून पडल्या. मनगट सुजलं, पुढचं चालणं सुटलं, त्यांना सामानाच्या ट्रकमध्ये बसून जावं लागलं. विठ्ठलाकडं पायी निघालेल्या माणसाला ट्रकमध्ये बसावं लागणं म्हणजे काय, ते मी त्यांच्या तोंडावर पाहिलं. बायकांना रात्री अंधारात जायची भीती वाटते ती वेगळीच. शिवाय पहिला पाऊस पडला की साप-विंचू बाहेर निघतात. तेव्हा 'अंधार करा' हेही उत्तर नव्हतं.

तिसऱ्या वर्षी दिंडीतल्या बायांनाच विचारलं, उजेड कुठं पाहिजे? उत्तर सोपं होतं. शौचालयापाशी, टँकरपाशी आणि तिथपर्यंतच्या वाटेवर. बाकी कुठंच नाही.

मग असं केलं. फोकस फक्त जेवणावळी उठेपर्यंत, नंतर बंद. वाटेच्या कडेनं गुडघ्याएवढ्या उंचीवर नऊ वॉटचे पिवळे बल्ब लावले. तेलाचे रिकामे डबे अर्धे कापून त्यांच्यावर टोपीसारखे बसवले, म्हणजे उजेड खाली पायापाशी पडतो, राहुटीत शिरत नाही. राहुट्यांच्या दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधल्या. सामानाचा ट्रक रस्त्याकडं तोंड करून लावायला सांगितला, नाहीतर पहाटे चालू करताना त्याचे हेडलाइट झोपलेल्यांच्या अंगावर जातात. पोरांना सांगितलं, मोबाइलची बॅटरी जमिनीकडं धरायची, समोरच्याच्या तोंडावर नाही. खर्च? फोकसच्या भाड्यापेक्षा कमी. त्या रात्री मैदानावर नुसतं घोरणं ऐकू येत होतं.

यामागचं कारण थोडक्यात सांगतो. आपल्या मेंदूला रात्र झाल्याची खूण अंधारातून मिळते. अंधार पडला की शरीरात मेलाटोनिन तयार होतं आणि झोप लागते. पांढऱ्या-निळसर उजेडानं ते सगळ्यात जास्त अडतं. एलईडीच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असतं तो हा पांढरा शुभ्र दिवा. २७०० किंवा ३००० के म्हणजे पिवळसर. रात्री बाहेर लावायला हा पिवळाच बरा. त्याच्यावर पाखरंही कमी येतात. पहिल्या पावसानंतर पांढऱ्या फोकसखाली पिठल्यात पडणारी पाखरं आपण सगळ्यांनी वेचलीत.

आता माझी दुसरी चूक, ही शेतातली. मोटारीच्या केबल चोरीला जायला लागल्या म्हणून मी आखाड्यावर एक मोठा फोकस लावला. तोंड कुठं होतं? सरळ चुलत्यांच्या धुऱ्याकडं. त्यांचं सोयाबीन होतं. काढणीच्या वेळी सगळं रान पिवळं पडून पानं झडली, पण माझ्या फोकससमोरची काही तासं हिरवीगार उभी. झाडं वाढलेली, शेंगा भरलेल्या नाहीत. चुलते म्हणाले, "बाबू, तुझा आखाडा उजळला, पण माझं सोयाबीन वाळंना झालं."

मला आधी थट्टा वाटली. पण खरंच तसं असतं. सोयाबीन हे लहान दिवसाचं पीक आहे. रात्र पुरेशी लांब झाली की त्याला फुलायची, शेंगा भरायची, पिकायची खूण मिळते. रात्रभर दिवा पडला तर त्या झाडाला दिवस लहान झालेला कळतच नाही. ते हिरवंच राहतं. रस्त्यावरच्या दिव्याखालच्या, ढाब्यांच्या कडेच्या सोयाबीनमध्ये हा हिरवा पट्टा काढणीच्या दिवसांत तुम्हालाही दिसेल. आपला तालुका सोयाबीन-कापसाचा, त्यामुळं हा विषय शहरी लोकांच्या नखऱ्यांचा नाही, आपल्या पोटाचा आहे. चुलत्यांनी माझ्याकडं एक रुपया मागितला नाही. पण पुढं दोन महिने आखाड्यावर चहाला आले नाहीत.

मी फोकस काढून टाकला नाही. त्याचं तोंड खाली विहिरीकडं केलं, वर पत्रा लावला आणि सेन्सर बसवला. हालचाल झाली की लागतो, नाहीतर बंद. चोराच्या दृष्टीनंही हेच वाईट. रात्रभर जळणाऱ्या दिव्याकडं कुणी बघत नाही, अचानक लागलेल्या दिव्याकडं सगळे बघतात. आणि डोळे दिपवणाऱ्या फोकसच्या मागं कोण उभं आहे, ते आपल्यालाही दिसत नाही. करून बघा.

कुणी म्हणेल, गावात एवढे प्रश्न असताना हे काय काढलं? आपल्याच राज्यातलं उदाहरण देतो. नागपूरकडचा पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरला. म्हणजे रात्रीचा अंधार आणि आकाश जपलेली जागा. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले. गावं अंधारात ढकलली नाहीत. रस्त्यावर उजेड आहे, आकाशात चांदण्या आहेत. दिव्याचं तोंड फिरवलं, एवढंच. ते चार गावांना जमलं तर आपल्याला का जमू नये?

आवाजाला निदान नियम आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. पाळतात किती, तो भाग वेगळा, पण बोट ठेवायला ओळ तरी आहे. उजेडाला अशी दहाची रेष नाही. तिथं फक्त शेजारधर्म चालतो.

म्हणून या वर्षी मुक्काम सांभाळणाऱ्या सगळ्या मंडळांना, आणि पुढं गणपती-नवरात्राचे मांडव घालणाऱ्यांनाही, हात जोडून एवढंच:

१. मोठे दिवे जेवणापुरते, कार्यक्रमापुरते. माणसं झोपली की बंद.
२. शौचालय, पाणी आणि वाट इथं रात्रभर उजेड राहू द्या. पिवळा, कमी उंचीवर, वरून झाकलेला.
३. दिवा लावला की एकदा समोरच्या घराच्या खिडकीपाशी, शेजारच्या धुऱ्यावर जाऊन उभं राहा. डोळ्यात जातोय का, ते तिथूनच कळतं.
४. शेजाऱ्यानं सांगायची वाट बघू नका. तो सांगणार नाही. आपणच विचारा.

नगरपालिकेलाही विनंती आहे. नवीन पथदिवे, हायमास्ट लावताना उजेड रस्त्यावर पडतोय की लोकांच्या गच्चीवर, हे एकदा रात्री येऊन बघा. दिवसा बसवलेला दिवा दिवसा कळत नाही.

चुलते आता परत चहाला येतात. परवा आखाड्यावर बसलो होतो, सेन्सरचा दिवा विझला आणि वर चांदणं दिसलं. बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. मग म्हणाले, "तो परत लागू नये म्हणून हलायचं नाही का आता?"

पहिली दिंडी यायच्या आत मुक्कामाच्या जागा एकदा रात्री बघून घेऊ. कोण कोण येतंय सांगा. डबे आणि बल्ब माझ्याकडं आहेत.

राम कृष्ण हरी.