चिकातलं पाणी

रबराचा चीक दिसायला दुधासारखा दाट. पण त्यात सुकं रबर असतं शंभरात तीस ते चाळीस भाग. उरलेलं बहुतेक पाणीच. या प्रमाणाला कारखान्यात डीआरसी म्हणतात. झाडाला काप देऊन चीक काढणाऱ्या टॅपरचा वाढीव मोबदला आणि सेंट्रिफ्यूजमधून निघणारा माल, दोन्ही या एका आकड्यावर ठरतात. तो आकडा काढणं माझं काम होतं आणि त्याच आकड्याच्या जोरावर मी काही माणसांना चोर ठरवलं.

दक्षिणेतल्या एका सरकारी रबर कंपनीत मी रसायनतज्ज्ञ होतो. अशा कंपन्यांमागे मोठा इतिहास आहे. ऑक्टोबर १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. सिलोनच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या तमिळांपैकी सव्वापाच लाख लोक भारतानं घ्यायचे ठरले. बोटीतून उतरलेल्या या माणसांच्या हाताला काम हवं होतं. केरळातल्या पुनलूरची रिहॅबिलिटेशन प्लांटेशन्स ही कंपनी १९७६ मध्ये त्यासाठीच निघाली. कर्नाटक आणि तमिळनाडूच्या सरकारी रबर मळ्यांतही या लोकांना सामावून घेतलं गेलं. हे सगळं मी मुलाखतीसाठी पाठ केलं होतं. रोज सकाळी माझ्यापुढे बादली ठेवणारी बाई त्याच करारानं इथे आणलेली आहे, याचा विचार मात्र मी कधी केला नाही.

२०११ मध्ये रबर किलोला २४० रुपयांच्या आसपास गेलं होतं. पुढची पाच वर्षं भाव घसरतच राहिला आणि २०१६ च्या सुरुवातीला तो शंभराच्याही खाली आला. मजुरी तर द्यायचीच होती. मग जुन्या ब्लॉकांत इथेफॉन लावायचं ठरलं. टॅपिंगच्या कापाजवळ हे औषध लावलं की त्यातून इथिलीन सुटतं, चिकनळ्यांची तोंडं लवकर बंद होत नाहीत आणि चीक दुपारपर्यंत पाझरत राहतो. चीक वाढतो, पण पातळ होतो. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकातलं ज्ञान. कोणत्या ब्लॉकांत औषध लावलं त्याचं परिपत्रक माझ्या टेबलावर आलं होतं. मी सही केली आणि ते फाइलला लावलं. वाचलं नाही.

काही आठवड्यांत कलेक्शन सेंटरवर ठरावीक टॅपरांचा डीआरसी खाली येऊ लागला. तिथे आम्ही मेट्रोलॅक वापरायचो. हा चिकात तरंगणारा मापक झटपट आकडा देतो, पण तापमानानं आणि इतर कारणांनी तो हलतो. खरी चाचणी प्रयोगशाळेतली: चीक आम्लानं गोठवायचा, लाटून पातळ पापुद्रा करायचा, भट्टीत रात्रभर सुकवायचा आणि वजन करायचं. तेवढं थांबायला मी तयार नव्हतो. आणि थांबलो असतो तरी पाणी बादलीत पडलं की झाडानंच दिलं, हे भट्टीनं सांगितलं नसतं. त्यासाठी झाडाखाली जावं लागतं. मी निष्कर्ष काढून मोकळा झालो: हे लोक वजन वाढवायला पाणी घालतात. माझ्या अहवालावरून मेमो निघाले, वाढीव मोबदला कापला गेला.

टॅपिंग म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. अंधारात डोक्याला दिवा बांधून निघायचं, कारण पहाटे झाडात दाब जास्त असतो आणि चीक जोरात वाहतो. एकेकाच्या वाट्याला तीनशेच्या वर झाडं. प्रत्येक झाडावर तिरक्या कापाची पातळशी साल सोलायची, पण आत लाकडावरच्या जिवंत थराला सुरी लागू द्यायची नाही. मध्ये मिलिमीटरभर साल राखायची. सुरी आत गेली तर तिथे गाठी येतात आणि नवी साल खडबडीत भरते, पुन्हा कापण्याजोगी राहत नाही. ज्या हातांना मिलिमीटर कळतो त्या हातांवर मी पाणी घातल्याचा आळ घेतला.

मेमो मिळालेल्यांतल्या एक अक्का निवृत्तीला आल्या होत्या. मेमो हातात घेऊन त्या म्हणाल्या, "सार, पहाटे माझ्याबरोबर चला. वाटीतला चीक तुमच्या हातानं घ्या." नियम सगळ्यांना सारखा आहे, असं उत्तर मी दिलं. त्या थोडं थांबल्या, मग म्हणाल्या, "सिलोनला चहाची पानं पावसात भिजलेली असायची, तर मुकादम कंगानी पाण्याचं म्हणून आईच्या टोपलीतलं वजन कापायचा. इथे आमच्या सरकारचा मळा आहे म्हणून आलो." त्या रडल्या नाहीत, आवाज चढवला नाही. मी पुढची बादली मागवली.

शहाणपण मला स्वतःहून सुचलं नाही. पावसाळ्याआधी कापावर प्लॅस्टिकचे झगे बसवायची गडबड चालू होती. क्षेत्र विभागातला एक तरुण अधिकारी इथेफॉनच्या ब्लॉकांची आणि तिथल्या टॅपरांची यादी घेऊन आला, तेव्हा मी ती माझ्या मेमोंच्या यादीशेजारी ठेवली. नाव न्‌ नाव जुळलं. दुसऱ्या पहाटे मी गेलो. औषध लावलेल्या झाडांखालच्या वाट्यांतून आणि न लावलेल्या झाडांखालच्या वाट्यांतून स्वतः चीक घेतला, पापुद्रे सुकवले. औषधाच्या झाडांचा चीक झाडावरूनच पातळ उतरत होता.

त्याच फेरीत आणखी एक दिसलं. काही झाडांचा काप कोरडा पडला होता, साल तपकिरी झाली होती; औषधाच्या जोरावर त्यांतून जास्तच चीक ओढला गेला होता. वाढलेल्या चिकाचं कौतुक माझ्याच मासिक टिपणात होतं; झाडाला विश्रांती द्या, असं मी एकदाही लिहिलं नव्हतं.

माझा निष्कर्ष चुकीचा होता, असं मी व्यवस्थापनाला लेखी दिलं. कापलेली रक्कम पुढच्या पगारात जमा झाली. पण मेमो रद्द व्हायला वेळ लागला आणि तोवर अक्का निवृत्त झाल्या होत्या. मी त्यांच्या कामगार-लाइनीतल्या खोलीवर जाऊन मेमो रद्द झाल्याचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते नातवाकडून पुन्हा तमिळमध्ये समजून घेतलं आणि विचारलं, "बाकीच्यांनाही असंच मिळालं का?" दोघांचं पत्र अजून निघालं नव्हतं. मी सांगितलं. "मग आधी ते करा, सार," त्या म्हणाल्या. त्या दोघांची पत्रं महिनाअखेरीस निघाली.

आता दोडामार्गकडचे रबर लावलेले बागायतदार कधी फोन करतात. कामगार चिकात पाणी मिसळतात, काय करावं, असं विचारतात. औषध कधी लावलं होतं, आठवड्यात किती वेळा काप घेता आणि वाटीतला चीक स्वतः कधी मोजलात का, एवढं मी आधी विचारतो.