जड चाक, हलका हात

कोल्हापूरला माणसे अंबाबाईच्या दर्शनाला जातात, रंकाळ्यावर वारा खायला जातात आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी तर वाट वाकडी करून जातात. आम्ही गेलो ते एका म्हाताऱ्या मोटारीच्या स्टिअरिंगसाठी!

मोटार आमच्या काकांची. ट्रायम्फ टीआर-३, १९५७ सालची. इंग्लंडात जन्मलेली, दोघांपुरती उघडी स्पोर्ट्स गाडी. काकांनी ती १९७४ साली घेतली. काकू घरात आल्या त्यानंतर दोन वर्षांनी. त्यामुळे गाडीचा विषय निघाला की त्या म्हणतात, “थोरलीला विचारा!”

दोन वर्षांपूर्वी काकांचा उजवा खांदा आखडला. धावत्या गाडीचे चाक हाताला ऐके. पण फाटकातून वळवताना मात्र कुस्ती होई. एका संध्याकाळी गाडी अर्धी आत, अर्धी रस्त्यावर अडकली. शेजारच्या मुलाने ती आत घेतली. काका त्या रात्री जेवले नाहीत. मग काकूंनीच निकाल दिला, “दिवाळीपर्यंत तुम्हांला स्वतः वळवता आली तर ठेवू. नाहीतर गिऱ्हाईक पाहायचे.”

म्हणून पुण्याहून सातारा-कराडमार्गे सुमारे दोनशे तीस किलोमीटर गाडी मी हाकली. काका शेजारी पाहुण्यासारखे बसले होते. पंचगंगा ओलांडली तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडले, “याच गावी ये, असे मी उगीच नाही म्हटले.”

खरेच आहे ते. बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा विकत न आणता इथेच घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. यंत्र पाहून यंत्र करणाऱ्या म्हादबा मेस्त्रींचे नाव इथे अजून आदराने घेतात. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा माणसे माना उंच करून पाहतात. जुन्या यंत्राला भंगार म्हणणारे हे गाव नव्हे.

उद्यमनगरात शिरलो की लेथचा आवाज आणि तापल्या तेलाचा वास आपले स्वागत करतो. आमच्या मेस्त्रींनी बॉनेट उघडले आणि ते ओरडले, “अवो, ह्ये तर फर्ग्युसनच्या घरातलं इंजिन!” काकांचा चेहरा उतरला. पण मेस्त्रींचे खोटे नव्हते. स्टँडर्ड कंपनीच्या एकाच घराण्यातली इंजिने फर्ग्युसन ट्रॅक्टरलाही बसली आणि या गाडीलाही. उसाच्या शेतात राबणाऱ्या भावाची ही शहरी बहीण!

“वीजेची मोटार बसवा,” काका म्हणाले.

“बसवू की. पर आदी दुखनं बगू, मग औषध.”

त्यांनी पुढची चाके जॅकवर उचलली आणि स्टिअरिंग फिरवले. चाके अधांतरी, तरीही ते जडच. म्हणजे ओझे सगळे टायरांचे नव्हते. चाकामागच्या सांध्यांतले वंगण वाळले होते, स्टिअरिंगच्या पेटीत तेल तळाला गेले होते. टायरही मूळच्यापेक्षा रुंद, आणि हवा कमी. एवढे सुधारल्यावरच अर्धा भार उतरला. “ह्यावरच मोटार चढवली असती, तर दुखनं झाकलं असतं, बरं झालं नसतं,” मेस्त्री म्हणाले.

उरलेल्या अर्ध्या भाराचे काय? १९५१ साली क्रायस्लरने विक्रीच्या गाडीत शक्तीचे स्टिअरिंग आणले ते तेलाच्या दाबावर चालणारे. त्याला इंजिनाच्या पट्ट्यावर पंप लागतो, नळ्या लागतात. आता लहान गाड्यांतही विजेची मोटार स्टिअरिंगच्या दांड्यावरच बसवतात. हाताने चाक फिरवले की आतली बारीक दांडी किंचित पिळवटते, तो पीळ मोजला जातो आणि मोटार तेवढा जोर लावते. वीज गेली तरी दांडा चाकांशी जोडलेलाच राहतो. गाडी फक्त पूर्वीसारखी जड होते.

पण गाडी जुनी! डायनामोला एवढी वीज पुरवणे जमेना, म्हणून अल्टरनेटर आला. जुन्या इंग्रजी रिवाजाने बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले होते, ते फिरवून ऋण टोक जोडावे लागले. आणि अखेर प्रश्न आला तो दांड्याचा. स्टिअरिंगपासून पेटीपर्यंत एकच लांब लोखंडी दांडा. तो कापायचा म्हटल्यावर काकांनी दुकानाबाहेर जाऊन पान मागवले, पण खाल्ले नाही.

मेस्त्री त्यांच्यामागे गेले. “काका, मी तुमचा दांडा कापनार न्हाई. नवा करतो. जुना तेलाच्या फडक्यात बांधून देतो. उद्या नातवाला वाटलं, तर पुन्हा जसंच्या तसं बसंल.” नवा दांडा लेथवर उतरला, टोकांना खाचा पाडल्या, सांधे बोल्टांनी आवळले. “स्टिअरिंगवर मी वेल्डिंग करत न्हाई,” हे त्यांचे ब्रीद.

चौथ्या दिवशी आम्ही पन्हाळ्याच्या वाटेला लागलो. गाव मागे पडले तशी दोहोंकडे उसाची हिरवी भिंत उभी राहिली. चाक काकांच्या हातात, त्यांच्या शेजारी मेस्त्री, आणि मी मागून दुसऱ्या गाडीत. जोर कमी-जास्त करायचे एक बटण डॅशबोर्डाखाली होते. मेस्त्रींनी ते पूर्ण फिरवले. घाटाच्या पहिल्या वळणावरच काका थांबले.

“लोण्यात सुरी फिरते आहे! रस्ता कुठे गेला?”

मेस्त्री हसले. “हेच ऐकायचं होतं. हलकी करावी, पर मुकी करू नये.”

काकांनी बटण स्वतः मागे आणले. थोडे, मग आणखी थोडे. खडी, उतार, टायराची पकड, सारे पुन्हा तळहातात बोलू लागले. तबक उद्यानाशी त्यांनी गाडी एका दमात उलटी वळवली आणि कोणी पाहिले का म्हणून इकडेतिकडे बघितले.

घरी फाटकातून गाडी काकांनीच आत घेतली. काकू पायरीवर उभ्या होत्या. फडक्यात बांधलेला दांडा पाहून त्यांनी विचारले, “हे काय?”

“थोरलीचे माहेर,” काका म्हणाले.

काकूंनी तो दांडा उचलून माळ्यावर ठेवला. गिऱ्हाइकाचा विषय पुन्हा निघाला नाही.