पहिला ऐकणारा

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी जागा मिळणे हे नशिबाचे काम. मला मात्र ती हमखास मिळते. कारण एक निवृत्त हेडमास्तर शेजारी छत्री आडवी टाकून माझी वाट पाहत असतात. नगरकडचे ख्रिस्ती गृहस्थ. मांडीवर कायम बायबल. एकदा मी सहज विचारले, "सर, इतक्यांदा वाचलेले पुस्तक पुन्हा काय वाचता?"

"एका शब्दावर अडलोय," ते म्हणाले, "तीस वर्षे!"

तो शब्द 'अल्मा'. यशया या हिब्रू संदेष्ट्याच्या ग्रंथातील सातव्या अध्यायातला. इसवी सनापूर्वी ७३५ च्या सुमाराची गोष्ट. दोन शेजारी राजे यरुशलेमवर चालून आलेले, आहाज राजाचा धीर सुटलेला. यशया त्याला खूण सांगतो : एका अल्मेला पुत्र होईल, आणि त्या मुलाला बरेवाईट कळू लागण्याआधीच या दोन्ही राजांचे देश ओसाड पडतील. अल्मा म्हणजे तरुणी. पुढे ग्रीक भाषांतरात तेथे कुमारी अशा अर्थाचा शब्द आला. मत्तयाने शुभवर्तमानात तोच घेऊन येशूच्या जन्माशी जोडला.

सरांना हिब्रू शिकवले ते अलिबागकडच्या एका बेने इस्राएल शेजाऱ्याने. मराठी माणूस हिब्रूच्या वाटेला कसा गेला, याचे मला नवल वाटले, तेव्हा सरांनी माझीच शिकवणी घेतली. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सबंध बायबल मराठीत आणले. त्या १९२२ साली गेल्या. ग्रंथ १९२४ साली निघाला.

शेजारी म्हणत, "ही खूण आहाजची, तुमच्या येशूची नव्हे." सर म्हणत, "दोघांचीही." वाद मिटला नाही, पण संध्याकाळचा चहाही कधी चुकला नाही. आता ते गृहस्थ इस्राएलला मुलाकडे असतात. वाद पत्रांतून चालू आहे.

"मग निकाल काय?" मी विचारले.

"माझी श्रद्धा आहे तिथेच आहे. पण एक शिकलो, मास्तर. प्रत्येक वाक्याला एक पहिला ऐकणारा असतो. त्याला काय ऐकू आले ते आधी विचारावे. आपला अर्थ मागाहून. दुसरी पणती लावायला पहिली विझवावी लागत नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या घरातही असे एक वाक्य आहे. आबांनी दादाला लिहिलेल्या कार्डातले : "घर धाकट्याला सांभाळू दे." आबा गेल्यावर मी त्याचा अर्थ लावला, की कोकणातले घर माझे. दादा म्हणे, सांभाळणे वेगळे, मालकी वेगळी. त्या चार शब्दांपायी सहा दिवाळ्या आम्ही एकमेकांकडे फराळाला गेलो नव्हतो.

मी कार्ड काढले. तारीख पाहिली. मी मॅट्रिक होऊन रिकामा बसलो होतो, ते वर्ष. दादा तेव्हा परळच्या एका खोलीत, नुकताच लग्न झालेला. वाक्याचा पहिला ऐकणारा तो होता, आणि त्याला मी एकदाही विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी सरळ त्याच्या दारात उभा राहिलो. "दादा, हे कार्ड आले तेव्हा तुला काय वाटले?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "वाटले, आबांनी मला घरातून वजा केले."

कादंबऱ्या लिहिणाऱ्या मला हे वाक्य सुचले नसते. मला वाटत होते, त्याला घर हवे आहे. त्याला हवे होते ते आबांच्या कार्डात आपलेही नाव.

वहिनींनी न बोलता चकल्यांची बशी पुढे ठेवली. घराचा निकाल अजून लागलेला नाही. दादा अजूनही म्हणतो, मालकी वेगळी. पण यंदा शाकारणीला आम्ही दोघे मिळून गेलो होतो. कौले त्याने चढवली, मी खालून देत होतो.