कष्ट आणि व्यायाम

स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी चिटणीसांची सूचना आली, तेव्हा सणावारांविषयी लिहिण्याचा विचार होता. परंतु आपल्या घरांतून जी गोष्ट दार लावून बोलली जाते, तिच्याविषयी लिहिणे मला अधिक अगत्याचे वाटले.

माझा जन्म मॉरिशसचा. पणजोबा रत्नागिरीकडून गिरमिटावर तेथे आले. १८३४ पासून पोर्ट लुईच्या धक्क्यावर जवळजवळ पाच लाख मजूर उतरले, त्यांतलेच ते एक. आमच्या घरात व्यायाम हा शब्द कोणी उच्चारीत नसे. दिवसभर ऊस तोडणाऱ्याला जोरबैठका कशाला हव्यात?

नोव्हायमधल्या तिसऱ्या हिवाळ्यात माझे मन खचले. येथे डिसेंबरात सूर्य आठाच्या सुमारास उगवतो, पाचाला मावळतो, आणि मधल्या वेळीही आभाळ बहुधा झाकोळलेलेच. मॉरिशसचा सर्वांत लहान दिवससुद्धा जवळजवळ अकरा तासांचा! सकाळी उठवेना, अन्न गोड लागेना, मुलांचे हसणेही सोसवेना. त्याहून वाईट होती ती लाज. ‘पणज्याने सरदाराच्या धाकाखाली भर उन्हात ऊस तोडला, आणि तू उबदार घरात बसून रडतोस?’ हे मला कोणी म्हटले नव्हते. मीच स्वतःला म्हणत होतो.

डॉक्टरांनी औषध दिले आणि आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालण्यास सांगितले. मला ती थट्टाच वाटली. पुढे वाचनात आले की, ड्यूक विद्यापीठातील असा एक प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला होता. नैराश्याने ग्रासलेली, पन्नाशीची व त्यापुढील १५६ माणसे. काहींना औषध, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही. औषधाने उतार लवकर पडू लागला, पण १६ आठवड्यांअखेर तिन्ही गटांची सुधारणा सारखीच भरली. यावरून औषध टाकून द्यावे, असा अर्थ कोणी काढू नये. मीही काढला नाही.

रस्त्यांवर बर्फ असल्यामुळे ट्वेल्व्ह ओक्स मॉलमध्ये फेऱ्या मारू लागलो. (औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा एवढा प्रसार केला, पण येथे ज्याला नमस्कार घालावा तोच दर्शन देत नाही!) महिनाभर काहीच पालटले नाही. मग एके दिवशी घरी येताच भूक लागली. खरी भूक. ताटावर बसून मी दुसरी पोळी मागितली, तेव्हा पत्नीने तोंड फिरवून डोळे पुसले.

तरी एक प्रश्न राहिलाच. अंग हलवल्याने मन हलके होत असेल, तर पणजोबा सर्वांत सुखी असावयास हवे होते. आजी सांगे, मळ्यातून आले की ते कोणाशी बोलत नसत. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मात्र गणपतीत झाकरीचा फेर धरला की तोच थकलेला माणूस उजाडेपर्यंत नाचे. दिवसा जे पाय मालकाचे असत, ते त्या रात्री त्यांचे स्वतःचे होत. फावल्या वेळच्या हालचालीचा मनाच्या स्वास्थ्याशी जसा संबंध दिसतो, तसा नोकरीतल्या अंगमेहनतीचा दिसत नाही, असे आता संशोधकही सांगतात. आजीला ते ठाऊक असावे.

नोव्हेंबर लागला की अजूनही धास्ती वाटते. गेल्या साली लेकशोअर पार्कमधून चालत असता मॉरिशसहून आईचा फोन आला.

“कुठे निघालास, बाळा?”

“कुठेच नाही, आई. नुसताच चालतो आहे.”

“कामाशिवाय?”

“कामाशिवाय.”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तुझ्या पणजोबांना असे कधी चालता आले नाही रे. चाल, सावकाश चाल.”