चिलमीचा हिशेब



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दिवाळीत पुण्याच्या पुतण्यानं विचारलं, "काका, तुमच्या चिलमींचं गणित तरी बसतं का?" पोरांना नफा-तोटा शिकवण्यात जन्म गेला माझा, त्यामुळं प्रश्न जरा झोंबलाच.

नवीन वाचकांसाठी सांगतो. मी कंधारचा, घराणं कुंभाराचं, पेशा मास्तरकीचा. निवृत्तीनंतर वडिलांचं चाक पुन्हा अंगणात मांडलं. मडकं काही जमेना, चिलीम मात्र जमली. तंबाखूला मी स्वतः कधी शिवलो नाही आणि वर्गातही शिवू नका असंच सांगत आलो. तरी हात चिलमीकडंच वळले, कारण लहानपणी वडिलांशेजारी बसून तेवढीच एक गोष्ट शिकलो होतो.

वडिलांची मडकी, रांजण, पणत्या बलुत्यात जायच्या. त्याबदल्यात सुगीला खळ्यावर ज्वारी मिळायची. चिलमी मात्र माळेगावच्या यात्रेत रोख पैशाला विकायच्या. त्या पैशात माझी वह्या-पुस्तकं यायची. पुढं गावोगाव बिडी पोचली आणि चिलमीचं गिऱ्हाईक आटलं. बिडीला ना खडा लागतो, ना छापी भिजवावी लागते.

आता हिशेब. गाळाची माती आणायला रिक्षाचे अडीचशे रुपये. गोवऱ्या आणि भुस्सा तीनशेचा. घोड्याची लीद फुकट. चार दिवस सकाळी तीन-तीन तास बसून साठ चिलमी केल्या. आव्यात तेरा फुटल्या, उरल्या सत्तेचाळीस. यात्रेत दहा रुपयांना एक अशा सगळ्या विकल्या, चारशे सत्तर आले. खर्च साडेपाचशे, म्हणजे तोटा ऐंशी रुपये. पुतण्याला म्हणालो, "ऐंशी रुपयांत चार सकाळी आनंदात गेल्या. एवढं स्वस्त काय मिळतं रे पुण्यात?"

उत्तर देऊन मी खूश होतो. पण माझा धाकटा चुलत भाऊ अजून कुंभारकीवरच जगतो. त्याचंही दुकान यात्रेत दोन पालं सोडून होतं. संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन बसला. रागावला नव्हता. म्हणाला, "दादा, तुमाला पेन्शन हाय. तुम्ही धाला देऊलालाव, मग माझी वीसला कोन घेतंय?"

मला बोलता येईना.

घरी येऊन वही पुन्हा उघडली. माझ्या बारा तासांची मजुरी मी धरलीच नव्हती! आठ तासांचा रोज चारशे धरला, तर बारा तासांचे सहाशे होतात. त्यात साडेपाचशे खर्च मिळवला की साडेअकराशे. भागिले सत्तेचाळीस. एक चिलीम जवळजवळ साडेचोवीस रुपयांना पडते. म्हणजे दर चिलमीमागं साडेचौदा रुपये माझी पेन्शन भरत होती, आणि त्याची झळ भावाच्या चुलीला बसत होती. तो वीसला विकत होता म्हणजे स्वतःची मजुरीही पुरती घेत नव्हता. पोरांना शिकवलेल्या नफा-तोट्यात ही ओळ कधी आलीच नव्हती.

विलायतेत भूमध्य समुद्राकाठच्या ब्रायर झुडपाच्या मुळाच्या गाठीतून पाईप कोरतात. हौसेनं कोरणारे तिकडंही आहेत. त्यांनाही हाच प्रश्न पडत असेल असं मला वाटतं. ज्याचं पोट त्यावर नाही, त्यानं भाव किती पाडावा?

पुढच्या यात्रेत मी दुकान मांडलं नाही. आता आम्ही दोघं एकच आवा लावतो. त्याची मडकी आणि माझ्या चिलमी एकत्र भाजतात, जळणाचा खर्च वाटला जातो. मडक्यांमधल्या फटींत चिलमी बसतात, त्यामुळं फुटतातही कमी. विक्री तोच करतो, पंचवीसला एक. कमी खपतात, पण खपतात. माझा वाटा मी सोडायला निघालो तर तो म्हणाला, "फुकट नको दादा, मातीचं तरी घ्या." मी मातीचे पैसे घेतो. तेवढा मान त्याचाही आहे.

पुतण्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. गणित आता बसलं, पण ते माझ्या एकट्याच्या वहीत बसत नव्हतं.

असो. संक्रांत जवळ आली, सुगडाची घाई आहे. भाऊ हाक मारतोय.