विशेषणात साठलेले पाणी

इंग्रजीतील ‘कॅटॅक्लिझ्मिक’ हे विशेषण मराठीत आणायचे झाले, की आपली लेखणी सहजच ‘प्रलयंकारी’ या शब्दाकडे वळते. प्रतिशब्द योग्यच आहे. मात्र दोन्ही शब्दांच्या मुळाशी गेले, म्हणजे त्यांतील विनाशाची रीत वेगळी असल्याचे ध्यानात येते. इंग्रजी शब्द ग्रीकमधून आला. त्याच्या मुळाशी ‘खाली’ आणि ‘धुणे’ या अर्थांचे दोन घटक आहेत. सारे काही धुऊन नेणारा महापूर, हा त्याचा मूळ अर्थ. आपला ‘प्रलय’ संस्कृतातील ‘ली’ या धातूपासून बनला. ‘ली’ म्हणजे लीन होणे, विरघळणे. ग्रीक शब्दातला पूर वस्तू वाहून नेतो. प्रलयात वस्तूचे वस्तूपणच विरून जाते.

याच शब्दाचे एक भावंड म्हणजे ‘कॅटॅस्ट्रॉफिक’. त्याच्या मुळाशी ‘वळवणे, उलथणे’ हा अर्थ आहे. आपल्या ‘उलथापालथी’शी त्याचे नाते अगदी जवळचे आहे. उलथलेली वस्तू पुन्हा उभी करता येते. विरघळलेली हाती लागत नाही. विशेषण निवडताना हा भेद मोलाचा ठरतो.

मराठीत लहानमोठ्या अनर्थांसाठी शब्दांची उतरंडच रचलेली आहे. ठाणे आणि कल्याणच्या दरम्यान रोज प्रवास करणाऱ्याला तिची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही. गाडी अडली तर खोळंबा, डब्याच्या दाराशी झुंबड, अफवा उठली तर खळबळ, पक्ष फुटला तर उलथापालथ. प्रलय या उतरंडीच्या तळाशी असतो. तो एरवी हलवायचा नसतो. तरीही दोन तासांच्या पावसाने रुळांवर पाणी साचले, की मथळ्यांतून प्रलय अवतरतो. अशाने शब्द झिजतो आणि खरा प्रसंग ओढवतो तेव्हा तो पोकळ वाजतो.

तसा प्रसंग 26 जुलै 2005 रोजी आला. सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. लोकल थांबल्या. त्या रात्री ठाण्याहून डोंबिवलीपर्यंतचे सुमारे 14 किलोमीटर मी इतर शेकडो जणांबरोबर रुळांवरून चालत आलो. पाय सोलवटले, जीव धास्तावला. पण घरी पोहोचलो तेव्हा घर जागेवर होते. माझ्या वाट्याला आली ती पायपीट. तिला प्रलय म्हणणे मला शोभणार नाही. त्याच पुरात उल्हास नदीच्या काठाने बदलापूरपासून कल्याणपर्यंत सखल भागांतल्या घरांत पाणी शिरले होते. ‘प्रलयंकारी’ या विशेषणावर अधिकार त्या घरांचा.

हे विशेषण पाण्याविनाही वापरता येते. 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आसरा मिळाला आणि 1949 मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव लाभले. तेथे पोहोचलेल्या माणसांचे गाव, शेजार, व्यवसाय, सारेच मागे राहिले होते. त्या घटनेला ‘कॅटॅक्लिझ्मिक’ म्हटले, तर अतिशयोक्ती होत नाही. पाऊस पडला नव्हता, पण आयुष्ये धुऊन निघाली होती. आपल्या पुराणकल्पनेत प्रलयानंतर नवी सृष्टी उभी राहते. या छावण्यांतून तर एक गजबजलेले शहर उभे राहिले. म्हणून मागचे परत मिळाले असे मात्र नव्हे.

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासवर्गात कल्याणच्या खाडीलगत राहणाऱ्या एक बाई शिकायला येत. 2005 च्या पुरात त्यांची दहावीची गुणपत्रिका भिजली. कागद उरला, शाई विरघळून गेली. गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मिळवून, पोरांची शिक्षणे उरकून त्या पुन्हा शिकू लागल्या, तोवर बरीच वर्षे लोटली होती. शिक्षण कशामुळे खंडित झाले, यावर चार ओळी लिहायला मी वर्गाला सांगितले होते. त्यांनी एकच वाक्य लिहिले : “घरात पाणी आले होते.” त्यात विशेषण नव्हते. ‘ली’ या धातूचा अर्थ मला कोशापेक्षा त्या वाक्याने अधिक समजला.

विशेषणे वापरू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. ‘प्रलयंकारी’ लिहिण्यापूर्वी केवळ एवढे पाहावे : जे घडले, त्यात काय विरघळले? उत्तर देता आले, तर तो शब्द निःशंकपणे लिहावा. उत्तर सापडले नाही, तर ‘खोळंबा’ हाही मराठीतला चांगला, प्रामाणिक शब्द आहे.